दात काही धरेना

तिसऱ्यांदा दात पडला तेव्हा डिगंबरभाऊंनी तो केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधून आणला. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी पुडी सोडली आणि प्रसाद ठेवावा तशी माझ्या तळहातावर ठेवली.

"घ्या ताई. पुन्हा आला."

पुडीत होता तो त्यांचा खरा दात नव्हता, मी घडवलेला होता. तेलाच्या डब्याचं झाकण दातानं उचकटताना त्यांच्या वरच्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला होता. त्या जागी मी दाताच्या रंगाचं सिमेंट भरून नवा कोपरा केला होता. पहिल्यांदा तो त्याच दिवशी बट्टी खाताना निघाला. दुसऱ्यांदा शेंगदाण्याच्या लाडवात राहिला. आणि या वेळी तर त्यांनी काही खाल्लंही नव्हतं. कुणाशी तरी फोनवर बोलत होते, 'फरसाण' म्हणायला गेले, आणि फ म्हणताना खालचा ओठ वरच्या दाताला लागतो ना, तेवढ्यानं तो सुटून पडला.

त्यांच्या मागोमाग यमुनाअक्का जिना चढून आल्या. या त्यांच्या मोठ्या बहीण. दारातच त्यांनी मला सांगून टाकलं की आज चार वाजता पाहुणी यायची आहे, मुलगा बघायला. मुलगा म्हणजे डिगंबरभाऊच. त्यांच्या कानावरचे केस पांढरे झाले होते. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. दुसऱ्यांच्या पंगती उठवता उठवता स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं होतं. अक्कांनी फार खटपटीनं हे एक स्थळ जुळवत आणलं होतं, आणि दात फुटलेला नवरदेव दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

माझीही नव्हती. फैजपुरात दवाखाना थाटून मला वर्षही झालं नव्हतं. नाशिकहून आलेली पोरगेली डॉक्टरीण, तिच्याकडे जावं की भुसावळला जावं, असा गावाचा विचार चालला होता. आणि डिगंबर भंगाळे हा असा माणूस, की लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या मागे उभा राहून प्रत्येकाला हसून 'अजून घ्या' म्हणणार. त्यांचा दात सगळा तालुका बघणार. एव्हाना खाली मेडिकलच्या ओट्यावर कुणीतरी बोललंच होतं की नव्या बाईंचे दात मांडवासारखे आहेत, लग्न झालं की काढून न्यायचे.

दात का पडतो हे मला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. आपल्या दातावरचं कवच काचेसारखं गुळगुळीत असतं, त्यावर सिमेंट धरत नाही. म्हणून आधी त्यावर थोडं ॲसिड लावायचं, धुवायचं आणि हवेनं कोरडं करायचं. मग तो भाग खडूसारखा पांढरा दिसतो. त्याला डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे पडलेले असतात. त्या खड्ड्यांत गोंद उतरवायचा, निळ्या दिव्याखाली तो घट्ट करून घ्यायचा आणि वर सिमेंट चढवायचं. काम सोपं आहे. पण गोंद उतरण्याआधी त्या पांढऱ्या भागावर लाळ आली की संपलं. खड्डे लाळेनं भरतात, आणि गोंद दाताला न धरता लाळेवर बसतो.

हे मी दोघांना समजावून सांगितलं. डिगंबरभाऊंना ते लगेच पटलं.

"थाळीला तूप लावून वडी थापल्यासारखं झालं म्हणजे," ते म्हणाले. "ती सुटणारच. आम्ही मुद्दाम लावतो."

आणि डिगंबरभाऊंच्या तोंडात लाळेला तोटा नव्हता. मी तोवर पुष्कळ तोंडं पाहिली होती, असं पाहिलं नव्हतं. आरसा आत घातला की दोन्ही गालांतून, जिभेखालून झरे फुटायचे. त्याचा त्यांना अभिमानही होता. ते भाजीची चव कधी घ्यायचे नाहीत. भोगण्यावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, वाकून वाफ घ्यायचे. तोंडाला पाणी सुटलं की विस्तव ओढायला सांगायचे. नाहीच सुटलं तर पुन्हा मीठमसाला. साऱ्या तालुक्याला हे ठाऊक होतं. लाळ आटवायची एक गोळी असते, पण त्यांना काचबिंदू होता, त्यामुळे ती द्यायची सोय नव्हती. रबराचा पडदा लावून दात वेगळा काढता येतो, तो मी गेल्या खेपेला लावून पाहिला होता. त्यांना फुग्याचा वास आला आणि फुग्यावरून जत्रा, जत्रेवरून गुळाची जिलेबी आठवली. पडदा लाळेवर तरंगायला लागला.

तेव्हा मी ठरवलं की आज कापसाचे बोळे, लाळ ओढायची नळी आणि मन, या तिन्हींवर भिस्त ठेवायची. मदतनीस मी तेव्हा ठेवलेली नव्हती, म्हणून नळी अक्कांच्या हातात दिली. त्यांनी पदर खोचला आणि विहिरीवर पंप लावल्यासारखी ती भावाच्या गालात सोडली. नळी गुरगुरायला लागली.

मी डिगंबरभाऊंना सांगितलं की डोळे मिटा आणि खाण्याचा विचार सोडून दुसरा कसलाही विचार करा. त्यांनी मान हलवली. मी ॲसिड लावलं, धुतलं, हवा मारली. दात छान पांढरा झाला. गोंदाचा ब्रश उचलेपर्यंत गालाकडून एक चकचकीत लाट आली आणि त्यावरून गेली.

कसला विचार करत होता, असं मी विचारलं. ते म्हणाले, मोकळ्या रानाचा. रानात तुरी होत्या. तुरीच्या शेंगा कोवळ्या होत्या.

पुन्हा ॲसिड. या वेळी अक्कांनी युक्ती सांगितली की एखादी दुःखाची गोष्ट आठव. वडील गेले तो दिवस आठव. भाऊंचा चेहरा खरोखरच पडला, मलाही वाईट वाटलं, आणि तेवढ्यात नळी जोरात गुरगुरली. वडील गेले त्या दिवशी शेजारून पिठलं-भाकरी आली होती, आणि त्या पिठल्यासारखं पिठलं त्यांना पुन्हा आयुष्यात खायला मिळालं नव्हतं.

मग अक्कांनी वादळाची आठवण काढली. त्या वर्षी सगळी केळी आडवी झाली होती, घरात बाप्यामाणसं रडली होती. भाऊंनी ती आठवली. पडलेल्या कच्च्या केळ्यांचे त्यांच्या आईनं आठवडाभर काय काय केलं होतं, तेही त्यांना आठवलं. मी त्यांना पाढे म्हणायला सांगितले, तर ते डोळे मिटून मनातल्या मनात माणसी किती डाळ लागेल याचा हिशेब करू लागले. त्यात खालच्या दुकानात कचोऱ्यांचा घाणा पडला. मी खिडकी लावून घेतली, पण तोवर उशीर झाला होता.

चार कधी वाजून गेले ते आम्हा तिघांनाही कळलं नाही. जिन्यावर पावलं वाजली. दारात एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी, पायात चालायच्या चपला. अक्कांच्या शेजारणीनं पत्ता सांगितला म्हणून सरळ इकडे आले, असं त्या म्हणाल्या.

या कुमुद झांबरे. यावलकडच्या गावांत ग्रामसेविका होत्या. एकट्या आल्या होत्या. एकटीनं जायची सवय आहे म्हणाल्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास असावं. डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता, त्यामुळे त्या सदोदित काहीतरी विचारत आहेत असं वाटायचं.

डिगंबरभाऊ आडवे होते, तोंड आ वासलेलं, दोन्ही गालांत कापूस, हनुवटीखाली टॉवेल. ते उठायला लागले. मी त्यांना खांद्यानं खाली दाबलं, कारण दातावर नुकतंच ॲसिड लावलेलं होतं. असं ते बघणं सुरू झालं.

कुमुदताईंनी स्टूल ओढून घेतलं आणि हे का बोलत नाहीत असं मला विचारलं. मी लाळेची सगळी हकीकत सांगितली. ग्रामसभेतली तक्रार ऐकावी तशी त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं," त्या म्हणाल्या. "बरं आहे. एरवी उलटं असतं."

मी सुचवलं की हो असेल तर उजवा हात वर करा, नाही असेल तर डावा. त्यांना ते आवडलं. त्यांनी दारूचं विचारलं. डावा हात वर गेला. तंबाखूला पण डावा, आणि दातांकडे बघून मीही साक्ष दिली. आपली नोकरी चालू राहील, बदली होईल त्या गावी आपण जाऊ, चालेल का? उजवा हात एवढ्या झटक्यात वर गेला की माझ्या हातातला आरसा उडाला. मग त्यांनी विचारलं की लग्नसराईत जेवायला तरी घरी असता का. डावा हात अगदी हळू, शरमल्यासारखा वर आला. कुमुदताई हसल्या. भाऊंचे डोळे त्यांच्याकडे लागले होते. मला वाटलं, आता हा माणूस खाणं विसरेल. पण नळी गुरगुरतच होती.

आणि अक्कांना तर राहवेना. तो डावा हात वर गेलेला त्यांना सलला असावा. एका हातानं नळी धरून त्या भावाची बाजू सावरायला लागल्या. लग्नसराई सोडली तर तो घरीच असतो, आणि घरी असला की काय करतो म्हणून विचारा. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, लाकडाच्या मुसळीनं ठेचलेलं, वर कांद्याची पात. डुबुकवडे. घोटलेली भाजी. खापरावरचे मांडे, तोंडात घातले की विरघळणारे. प्रत्येक नावागणिक झरे फुटत होते, कापूस भिजून माशासारखा सुळकन बाहेर येत होता, आणि मी हातात गोंदाचा ब्रश घेऊन ताटकळत होते.

"अक्का, नावं घेऊ नका," मी म्हणाले.

"आजचं भरीत सकाळी त्यानं सोता केलं हाय," अक्का कुमुदताईंना म्हणाल्या. "घरभर वास सुटला हाय. तुम्ही दारात पाय टाकला की कळंल."

 कुमुदताईंनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला.

"अक्का, तुम्ही यांना सांगितलंय ना?" त्यांनी विचारलं.

 अक्कांच्या हातातली नळी गालातून निसटली आणि भाऊंचा शर्ट ओढायला लागली. मी ती धरून परत आत घातली.

"मी फोनवर तुम्हाला आधी त्यांनाच सांगायला सांगितलं होतं," कुमुदताई म्हणाल्या. मग स्टूल जरा पुढे ओढून त्या सरळ डिगंबरभाऊंशी बोलायला लागल्या. "मला वास येत नाही. काहीच नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी लुनावरून पडले, डोक्याला मार लागला, तेव्हा गेला तो परत आला नाही. वास नाही म्हणून चवही नाही. तुमचं भरीत मला दिलं काय आणि भिजलेली पोळी दिली काय, मला सारखंच."

माझ्या हाताखाली काहीतरी बदललं. काय ते आधी कळेना. मग लक्षात आलं, नळीचा आवाज थांबला होता. गुरगुर नव्हती. ओढायला काही उरलंच नसल्यामुळे ती नुसती सूं करत होती.

मी आत पाहिलं. गाल कोरडे. जिभेखालचा भाग कोरडा. कापसाचा नवा बोळा ठेवला तो ठेवल्या जागी पांढरा राहिला. डिगंबरभाऊंच्या तोंडातलं पाणी कुठे गेलं कोण जाणे. डोळ्यांत मात्र ते साचलं होतं आणि कानाकडे ओघळत होतं.

त्या खोलीत त्या वेळी एका बाईनं आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलून टाकली होती आणि एका माणसाचं जमत आलेलं लग्न मोडायच्या बेतात होतं. मला एवढंच दिसत होतं की दात कोरडा आहे. मी ॲसिड लावलं.

कुमुदताई बोलत राहिल्या. समोरच्याला मध्ये बोलता येत नाही म्हणूनच त्यांना ते सगळं बोलता आलं असावं. बघायला आलेल्या लोकांना हे सांगितलं की ते आधी हसायचे, मग निरोप पाठवायचे. एकानं म्हटलं होतं, बरंच झालं, मसाल्याचा खर्च वाचला. दूध करपलेलं कळत नाही. एकदा गॅसची शेगडी रात्रभर गळत राहिली, आणि सकाळी शेजारीण ओरडत आली तेव्हा कळलं. आई गेल्यावर बहिणी तिच्या लुगड्यात तोंड खुपसून रडल्या. कुमुदताईंनीही खुपसलं, पण त्यांना नुसतं कापड लागलं.

मी दात धुतला. हवा मारली. खडूसारखा पांढरा, कडेपर्यंत. असा पांढरा दात मी त्याआधी पुस्तकातल्या चित्रातच पाहिला होता. वर लाट आली नाही. गोंद लावला, तो खड्ड्यांत उतरू दिला.

"ज्याच्या हाताची चव सगळा तालुका घेतो, त्याच्या घरात मी काय करू?" कुमुदताई म्हणाल्या. "तुम्ही रोज ताट पुढे ठेवाल आणि माझ्या तोंडाकडे बघाल. मला रोज खोटं बोलावं लागेल."

"मी सांगणारच होती," अक्का रडवेल्या झाल्या. "पन आधी दात बसू दे म्हटलं. बिनदाताच्या मानसाले एवढी मोठी गोष्ट कशी सांगावी?"

"नळी हलवू नका," मी म्हणाले. "आता दिवा लावते. कुणी बोलू नका."

निळा दिवा चालू झाला. दिवा चालू असताना बोलायचं नाही असा काही नियम नाही, पण त्या दोघी खरंच गप्प बसल्या. भाऊंच्या तोंडात निळा उजेड, अक्कांच्या हातात सूं करणारी नळी, कुमुदताई स्टुलावर ताठ. मी एक थर चढवायचे आणि दिवा धरायचे, दुसरा थर चढवायचे आणि पुन्हा दिवा धरायचे. अक्कांना काहीतरी सांगायचं असायचं, त्या तोंड उघडायच्या, आणि दिवा लागला की मिटायच्या. त्या तेवढ्या वेळात कुणी काही बोललं असतं तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. कुमुदताई उठून गेल्या असत्या कदाचित.

शेवटी कोपऱ्याला घासून आकार दिला. दात उत्तम झाला होता. मी भाऊंच्या हातात आरसा दिला आणि उठून बसायला सांगितलं. त्यांनी आरसा न बघताच मांडीवर पालथा ठेवला. चूळ भरायला मी पेला पुढे केला, तोही धरून बसले.

"मीठ कळतं?" त्यांनी विचारलं.

पाहुणीशी त्यांचा पहिला शब्द तो. कुमुदताईंना आधी समजलंच नाही.

"जिभेला मीठ लावलं तर कळतं का?"

"कळतं," त्या म्हणाल्या. "खारट, आंबट, गोड, कडू, एवढं कळतं. डॉक्टर म्हणाले, ते जिभेचं असतं, ते गेलेलं नाही. पण त्याच्यापुढे काही नाही. आंबा आणि साखरेचं पाणी एकच."

"तिखट?"

"तिखट झोंबतं."

"आणि कुरकुरीत?"

 "ते कानाला कळतं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी बोटं मोजावीत तशी अंगठ्यानं बोटांची पेरं चाचपली. मोठ्या पंगतीची ऑर्डर कुणी सांगितली आणि गोदामात सामान काय आहे ते आठवायला लागले की ते असं करायचे. मग पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि उभे राहिले.

"अक्का, भरीत झाकून ठेव," ते म्हणाले. "ते नुसतं वासाचं आहे. यांच्यापुढे ठेवण्यासारखं त्यात काही नाही. घरात बिबडे आहेत?"

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, इकडे घरोघरी करून ठेवतात. आहेत, असं अक्का म्हणाल्या. मग ते जिना उतरायला लागले. कुमुदताई म्हणाल्या की माझं बोलणं संपलेलं नाही, होकार-नकार नंतर कळवा, मला बस आहे. भाऊ जिन्यावरून म्हणाले की बसला अजून वेळ आहे, आणि डॉक्टरताईंनाही घेऊन या, दात धरतो का ते त्यांना बघायचं असेल.

मला खरोखरच बघायचं होतं. मी दवाखान्याला कुलूप लावलं.

अक्कांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दारात पाय टाकताच भरताचा वास अंगावर आला, धुरकट, लसणाचा, असा की मी दुपारी जेवले होते तरी मला पुन्हा भूक लागली. कुमुदताई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

भाऊ स्वयंपाकघरात शिरले होते. त्यांनी बिबडे विस्तवावर भाजायला घेतले, शेंगदाणे परतून परातीत टाकले, मुळा किसला, लिंबं कापली, गूळ फोडला. हात भराभर चालत होते. मग ते थबकले. परातीवर वाकून त्यांनी सवयीनं वाफ घेतली, सरळ झाले, आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण ते भाजलेल्या शेंगदाण्यांच्या वासानं, आणि कुमुदताईंना तो वास येणार नव्हता. त्यांचं माप इथे उपयोगी नव्हतं.

ते मागच्या अंगणात गेले. दोरीवर कपडे वाळत होते. त्यांनी एक चिमटा काढला, परत आले, आणि तो आपल्या नाकावर लावला.

अक्का खाली बसल्या. मला हसू आलं, ते मी दाबलं. लाकडी चिमटा होता, चांगला घट्ट. भाऊंचं नाक लाल झालं, श्वास तोंडानं चालू झाला. त्यांनी आधी भरताची ताटली उघडली आणि बोटानं एक घास घेतला. साऱ्या तालुक्यात ज्याच्या तोडीचं नव्हतं ते भरीत. चघळलं, घोळवलं, गिळलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की अक्का, काय झालं रे, म्हणाल्या.

"चिखल," ते बंद नाकानं म्हणाले. मग कुमुदताईंकडे वळले. "हे असं असतं होय?"

कुमुदताई चौकटीला धरून उभ्या होत्या. पुढे लग्न झाल्यावर त्यांनीच मला सांगितलं की इतक्या वर्षांत डॉक्टर झाले, नातेवाईक झाले, बघायला येणारे झाले, पण हे कसं असतं ते कुणी विचारलं नव्हतं, आणि स्वतः करून तर कुणीच बघितलं नव्हतं. त्या वेळी मात्र त्या फक्त हो म्हणाल्या. असंच असतं.

भाऊंनी भरीत झाकलं आणि परातीकडे वळले. चिमटा तसाच. बिबडे हातानं चुरले, मोठे मोठे तुकडे ठेवले, दाण्यांवर टाकले. चाखलं. जास्त लिंबू पिळलं. चाखलं. मिरची कापून टाकली, झोंबेल अशी. खाली थंड दह्याचा थर दिला आणि वरून कढत तेलाची फोडणी ओतली, म्हणजे एका घासात गार आणि ऊन दोन्ही लागावं. गुळाचे खडे तसेच ठेवले, दाताखाली येतील असे. मोहरी नुसती तडतडण्यासाठी. आयुष्यभर कधी चव न घेणारा माणूस दर चिमटीमागे चाखत होता, कान देऊन चावत होता, आणि दात काय करतोय याकडे माझं लक्षच नव्हतं.

त्या पदार्थाला नाव नव्हतं. त्यांनी तो वाटीत भरला, नाकावर चिमटा ठेवूनच कुमुदताईंपुढे आणला आणि उभे राहिले. पण तोंडाकडे बघितलं नाही. वाटीकडे बघत राहिले.

कुमुदताईंनी घास घेतला. बिबड्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. त्यांनी हळूहळू चावलं. दुसरा घास घेतला. मिरची लागली असावी, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. 

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

अक्कांनी कपाळाला हात लावला. डिगंबर भंगाळ्यांना मीठ कमी आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. भाऊंनी वाटी मागून घेतली, स्वतः एक घास चावून पाहिला, आणि मान डोलावली.

"आहे," ते म्हणाले, आणि मिठाच्या बरणीचं झाकण उघडायला लागले.